गोर्यो दरबारच्या मेजवान्या आणि त्यांतलं राजकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन ऐतिहासिक मालिका आता आपल्याकडेही भरपूर पाहिल्या जातात. दरबारातल्या जेवणाचा प्रसंग आला की बहुतेक जण तो शोभेचा समजून पुढे ढकलतात. खरं तर राज्य कोणाचं, कोणाच्या खालोखाल कोण आणि उद्या कोणाची गच्छंती, हे त्या प्रसंगातच दिसत असतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

मध्ययुगीन कोरिया म्हणजे नेमका कोणता काळ?

इथे मुख्यतः गोर्यो राजवट धरली आहे, 918 ते 1392. राजधानी गेग्यॉंग, म्हणजे आज उत्तर कोरियात असलेलं केसॉंग. गोर्योच्या आधी सिल्ला, नंतर जोसॉन. त्या दोन्ही राजवटींचे संदर्भ गरजेपुरते येतील.

राजाने चार लोकांना जेवायला घातलं, त्यात राजकारण कसलं?

गोर्योचा संस्थापक वांग गॉन हा काही राजघराण्यात जन्मलेला नव्हता. तो एक सरदार होता, आणि त्याच्याभोवती त्याच्याच तोलामोलाचे, स्वतःच्या फौजा बाळगणारे प्रादेशिक बलदंड होते. त्यांना बांधून ठेवायला त्याने सोयरीक जुळवली. त्याला 29 बायका होत्या, त्यातल्या कित्येक अशाच घराण्यांतल्या. पण सोयरीक घरात राहते. राजा वर बसलाय आणि आपण खाली, हे सगळ्यांदेखत मान्य करायला लावणारी जागा वेगळी लागते. ती म्हणजे दरबारची मेजवानी. जो आला, राजाच्या खाली बसला आणि राजाने दिलेला प्याला प्यायला, त्याने करारावर शिक्का उमटवल्यासारखंच झालं.

सिल्ला राज्य गोर्योत विलीन झालं त्याचीही सुरुवात एका जेवणापासूनच झाली. 927 साली वांग गॉनचा प्रतिस्पर्धी ग्यॉन ह्वॉन याने सिल्लाच्या राजधानीवर, ग्यॉंगजूवर, छापा घातला, तेव्हा राजा पोसॉकजॉंगला मेजवानीत रमला होता, असं इतिहासग्रंथ सांगतात. पोसॉकजॉंग म्हणजे वाहत्या पाण्याची वळणावळणाची दगडी पन्हळ, तिच्यातून मद्याचे प्याले तरंगत येत. त्या राजाला जीव द्यायला भाग पाडलं गेलं. (ऐन हिवाळ्यात उघड्यावर मौज करायला कोण बसेल, असा प्रश्न आजचे काही अभ्यासक विचारतात. ते धार्मिक विधी असावेत असं त्यांचं मत आहे आणि मलाही ते पटतं.) चार वर्षांनी, 931 साली, वांग गॉन जेमतेम पन्नासेक स्वार घेऊन त्याच शहरात आला. नवा राजा ग्यॉंगसुन याने तळ्याकाठच्या इम्हेजॉन महालात त्याला मेजवानी दिली. मद्याचा अंमल चढल्यावर ग्यॉंगसुन आपली कर्मकहाणी सांगत रडला, दरबारी रडले, वांग गॉनच्याही डोळ्यांत पाणी आलं. 935 मध्ये ग्यॉंगसुनने राज्य त्याच्या हवाली केलं. एक बाण न सोडता.

पाल्ग्वानह्वे हा काय प्रकार होता?

गोर्यो दरबाराचा वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा. राजधानीत अकराव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला आणि पश्चिम राजधानी सॉग्यॉंगला, म्हणजे आजच्या प्योंगयांगला, दहाव्या महिन्यात. नावाने तो बौद्ध व्रताचा, पण पूजा आकाश, पर्वत, नद्या आणि नागदेवतेची. सिल्लाची जुनी चाल वांग गॉनने 918 मध्ये, गादीवर बसल्या वर्षीच उचलली. राजवाड्यातल्या चौगानाच्या, म्हणजे पोलोच्या, मैदानात रंगीत मंडप उभारले, दिवे लावले. ड्रॅगन, फिनिक्स, हत्ती, घोडे आणि जहाजं यांचे देखावे निघाले. राजा वरच्या सज्जात, झगे घातलेले अधिकारी खाली, आणि बघायला अख्खी राजधानी लोटलेली.

मृत्यूपूर्वी, 943 साली, वांग गॉनने वंशजांसाठी दहा आदेश ठेवले. त्यातला सहावा याच सोहळ्याबद्दल आणि याच्या जोडीच्या दीपोत्सवाबद्दल, यॉनदुंगह्वेबद्दल आहे : पुढे कोणी कपटी मंत्री यात भर घाला किंवा काटछाट करा म्हणाला, तर ऐकू नका. राज्य कसं चालवावं याच्या यादीत सणाचा कार्यक्रम बदलू नका असं कलम येतं, यावरूनच त्याचं वजन कळतं.

मग मधल्या काळात हा सोहळा बंद पडला होता, तो का?

खर्चामुळे आणि कन्फ्यूशियसवादी मंत्र्यांमुळे. 982 साली छ्वे सुंग-नोने राजा सॉंगजोंगला लांबलचक निवेदन दिलं. या सोहळ्यांसाठी लोकांना वेठीला धरलं जातं, ही त्यातली एक तक्रार. ती अजिबात खोटी नव्हती. 987 मध्ये राजाने सोहळा बंदच केला.

पुढची गंमत बघा. 993 साली उत्तरेकडच्या खितान लोकांची फौज चालून आली. उत्तरेचा मुलूख देऊन तह करावा असं दरबारात घाटत होतं. तेव्हा ई जी-बेक नावाच्या अधिकाऱ्याने ठणकावलं की जमीन देण्यापेक्षा पूर्वजांनी चालवलेले दीपोत्सव आणि पाल्ग्वानह्वे पुन्हा सुरू करा, परक्यांच्या रीती पुरे झाल्या. दारात शत्रू असताना हा माणूस सणाचं काय घेऊन बसला, असं आपल्याला वाटेल. पण त्याचं म्हणणं असं होतं की लोकांना एका ठिकाणी, एका राजाभोवती आणणारी गोष्टच आपण मोडून टाकली, आता ते लढतील कशासाठी? 1010 मध्ये ह्यॉनजोंगने दोन्ही सोहळे पुन्हा सुरू केले. त्याच हिवाळ्यात खितान परत आले आणि राजाला राजधानी सोडून पळावं लागलं. परतीच्या वाटेवर, 1011 साली, छॉंगजूच्या तात्पुरत्या मुक्कामात त्याने दीपोत्सव केला. मागे राजधानी जळून गेली होती, पण सोहळा चुकवला नाही. तेव्हापासून दीपोत्सव दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला होऊ लागला.

परदेशी पाहुण्यांना का बोलवत?

1034 च्या पाल्ग्वानह्वेची नोंद वाचण्यासारखी आहे. दोन दुय्यम राजधान्या, दोन सरहद्दींचे सेनाधिकारी, चार दोहोबू आणि आठ मोक (हे प्रांतांचे प्रकार) यांच्याकडून अभिनंदनाची पत्रं आली. पाठोपाठ सोंग चीनचे व्यापारी, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे जुर्चेन (उत्तर सरहद्दीपलीकडच्या टोळ्या), आणि तामना, म्हणजे आजचं जेजू बेट, यांनी आपापल्या मुलखातल्या वस्तू नजर केल्या. त्यांना बसायला जागा देऊन सोहळा दाखवला गेला, आणि पुढे तोच पायंडा पडला.

सोंगचे व्यापारी तिथे आले होते ते धंद्यासाठी. पण मैदानात रांगेत उभे राहून नजराणा देताना ते खंडणी देणाऱ्या देशाच्या प्रतिनिधीसारखे दिसत, आणि दरबाराला नेमकं तेवढंच हवं होतं. गोर्यो स्वतः कधी सोंगला, कधी खितानांच्या ल्याओला, पुढे जुर्चेनांच्या जिन साम्राज्याला वरिष्ठ मानत आलं. सोहळ्याच्या दिवसांत मात्र केंद्र गेग्यॉंगला असायचं आणि सभोवतालचं जग नजराणे घेऊन यायचं. आपल्या प्रजेसमोर राजाला सम्राट दाखवायची एवढी सोयीची संधी दुसरी नव्हती.

मेलेल्या सरदारांसाठीही जागा मांडली होती म्हणतात, ते खरं का?

ही कथा सरदार शिन सुंग-ग्यॉमच्या कुळात जपली गेली. 927 साली गोंगसानच्या लढाईत वांग गॉन वेढला गेला. त्याला निसटता यावं म्हणून शिन सुंग-ग्यॉम आणि किम राक लढता लढता मेले. पुढे पाल्ग्वानह्वेत सगळे मंत्री बसलेत आणि हे दोघेच नाहीत, हे राजाला सलायला लागलं. त्याने गवताचे दोन पुतळे करून त्यांना दरबारी पोशाख चढवला, रांगेत बसवलं आणि मद्य वाढलं. प्याल्यातलं मद्य आटलं आणि पुतळे उठून नाचायला लागले, अशी आख्यायिका आहे.

नाचण्याचं सोडून देऊ. पण 1120 साली राजा येजोंग सॉग्यॉंगच्या पाल्ग्वानह्वेला गेला, तेव्हा या दोघांचे पुतळे घोड्यावरून मैदानात फिरताना त्याने पाहिले आणि त्यांच्यावर गीत रचलं, याची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं ही जागा राखली गेली. समोर बसलेल्या प्रत्येक जिवंत सरदाराला त्यातून काय सांगितलं जात होतं, हे वेगळं सांगायला नको. खाल्ल्या मिठाला जागलात तर मेल्यावरही तुमचा मान राहील.

कोण कुठे बसायचं हे कसं ठरे?

लिखित नियमांनी. दरबारी मेजवानीचा विधी पायरीपायरीने लिहून ठेवलेला होता : युवराज कधी येणार, राजपुत्र आणि सरदार कुठल्या बाजूने चढणार, कोणाचं आसन दालनात आणि कोणाचं खाली अंगणात, राजाला दीर्घायुष्याचा प्याला कोण देणार. राजाकडून अधिकाऱ्यांना फुलं आणि मद्य मिळत असे. फुलं टोपीत खोवायची आणि ठरलेल्या पद्धतीने नाचत आभार मानायचे. पन्नाशीतला गंभीर मंत्री डोक्यात फूल खोवून पावलं टाकतोय, हे दृश्य आपल्याला गमतीचं वाटेल; त्याला मात्र ते फूल मिळालं नसतं तर झोप लागली नसती.

आसनावरून केवढं रामायण घडे, याचं उदाहरण 1275 चं आहे. राजा चुंग्न्यॉलने आदल्या वर्षी कुबलाई खानाच्या मुलीशी लग्न केलं होतं. त्याची आधीची बायको जॉंगह्वा त्यामुळे एका रात्रीत दुय्यम झाली. मंगोल राजकन्येला मुलगा झाला, म्हणून जॉंगह्वानेच आनंदाची मेजवानी दिली. बैठक मांडताना दोघींची आसनं सारख्या उंचीची होताहेत असं राजकन्येच्या बाजूने निघालं, तशी ती उठून पश्चिमेकडच्या उंच आसनावर जाऊन बसली. जॉंगह्वाने गुडघे टेकून तिला प्याला दिला. राजाने वळून राजकन्येकडे पाहिलं. एवढंच. राजकन्या कडाडली, "माझ्याकडे असं काय पाहता? ही माझ्यापुढे वाकली म्हणून?" मेजवानी तिथेच थांबवायला लावून ती रडत खाली उतरली.

घरगुती भांडण म्हणून हे सोडून देता येत नाही. एक बाजू गोर्योच्या जुन्या राणीची, दुसरी मंगोल साम्राज्याची, आणि मधे मान कुठे वळवावी हे न कळणारा राजा. त्या दशकातलं सगळं परराष्ट्र धोरण या एका पंगतीत मावतं.

खायला काय असायचं?

ज्यांना मालिकांतली भरगच्च ताटं डोळ्यासमोर येतात त्यांची थोडी निराशा होईल. 1123 साली सोंग चीनच्या दूतमंडळाबरोबर शू जिंग हा अधिकारी गेग्यॉंगला आला आणि त्याने पाहिलेलं सगळं लिहून ठेवलं. त्याच्या मते पदार्थ होते बरेच, पण रेलचेल नव्हती : सुकवलेले मासे आणि मांस, ताजी मासळी, भाज्या, तांब्याच्या भांड्यांत. एका बैठकीवर दोन पाहुणे, त्यांच्यापुढे छोटा चौरंग. माणसं वाढली की बैठकी वाढवायच्या. पिण्याला मात्र धरबंध नव्हता, असं तो नोंदवतो. डुक्कर आणि मेंढी राजा आणि बडे लोक सोडून कोणाच्या वाट्याला येत नसे. बौद्ध प्रभावामुळे जनावर कसं कापावं हेही लोकांना नीट येत नाही, अशी त्याची कुरकुर आहे.

गोडात मान युमिल्ग्वाचा. कणीक तिळाच्या तेलात आणि मधात मळून तळायची आणि पुन्हा मधात मुरवायची. आपल्या बालुशाहीची चुलत बहीणच म्हणा. मध आणि तेल दोन्ही महाग, त्यामुळे जितकी मोठी रास तितका मोठा बडेजाव. ही चढाओढ इतकी वाढली की 1192 साली दरबाराने युमिल्ग्वाऐवजी फळं ठेवा असा हुकूम काढला. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरून ते किती पाळले गेले ते समजा.

चहा कायम गार का असायचा?

शू जिंगचीच तक्रार. अंगणात चहा उकळायचा, त्यावर चांदीचं कमलपत्राच्या आकाराचं झाकण ठेवायचं आणि सेवकाने सावकाश पावलं टाकत तो आणायचा. सगळ्यांना पोचला असं सूत्रधाराने पुकारल्याशिवाय कोणी ओठाला लावायचा नाही. त्यामुळे गार चहा प्यायलो नाही असं एकदाही झालं नाही, असं तो लिहितो. चिनी पाहुण्याला हा गबाळेपणा वाटला. दरबाराच्या बाजूने पाहिलं तर चहाच्या चवीपेक्षा सगळ्यांनी थांबणं महत्त्वाचं होतं. चहासाठी दरबारात दाबांग नावाचं स्वतंत्र खातं होतं आणि मद्य गाळायला यांगोनसॉ हे आणखी एक, तेव्हा हा कारभार हौशी नव्हता.

मेजवानीत खून व्हायचे का?

व्हायचे. आणि ते रागाच्या भरात झालेले नव्हते, नीट आखून केलेले होते.

खितानांशी युद्ध सुरू झाल्यावर सैन्य वाढलं, अधिकारीही वाढले, आणि अधिकाऱ्यांचे पगार भागवायला दरबाराने सैनिकांच्या वंशपरंपरागत जमिनी काढून घेतल्या. 1014 मध्ये सेनापती किम हुन आणि छ्वे जिल यांनी बंड करून सत्ता ताब्यात घेतली. राजा ह्यॉनजोंगकडे फौज नव्हती, पण निमंत्रण देण्याचा अधिकार होता. चीनच्या हान सम्राट गाओझूने सहलीच्या निमित्ताने आपल्या सेनापतीला पकडलं होतं, त्या जुन्या गोष्टीची आठवण एका अधिकाऱ्याने करून दिली. 1015 च्या वसंतात राजा सॉग्यॉंगला गेला, जांगनाक महालात मेजवानी दिली, आणि सेनापतींना भरपूर मद्य चढल्यावर 19 जणांना ठार मारवलं.

1107 साली सेनापती युन ग्वानने जुर्चेन टोळीप्रमुखांना कैदी सोडतो असं सांगून बोलावलं, मद्य पाजलं आणि दबा धरून बसलेल्या सैनिकांकडून त्यांची कत्तल केली. चारशेहून अधिक माणसं होती. या विजयानंतर बांधलेले नऊ किल्ले गोर्योला दोनच वर्षांत परत द्यावे लागले. दगा देऊन जिंकलेल्या मुलखात पुन्हा कोण जेवायला येणार?

उलटही घडे. 1126 साली राजा इनजोंग आपला आजोबा आणि सासरा ई जा-ग्यॉम याच्या कैदेत होता. (आईचा बाप हाच, आणि त्याच्याच दोन मुली, म्हणजे राजाच्या सख्ख्या मावश्या, राजाला दिलेल्या.) त्याने विष घातलेली तांदळाची पोळी राजाला पाठवली. राणीने, म्हणजे त्याच्या चौथ्या मुलीने, गुपचूप सूचना दिली. पोळी कावळ्यांना टाकली, कावळे मेले. पुढच्या वेळी बापाने विषाचा वाडगा तिच्याच हाती दिला, तर तिने ठेच लागल्याचं सोंग करून तो सांडला. थोड्याच दिवसांत ई जा-ग्यॉम हद्दपार झाला.

1170 चं सेनाधिकाऱ्यांचं बंड मेजवानीमुळे झालं, हे कितपत खरं?

मूळ कारण मेजवानी नव्हे, पण ठिणगी तिथेच पडली आणि दारूगोळाही तिथेच साठत गेला होता.

राजा उइजोंगला कविता, मद्य आणि उद्यानांचा नाद होता. 1157 मध्ये त्याने एका मंडपाचं छप्पर हिरवट झिलईच्या सेलाडॉन कौलांनी शाकारलं; ज्या मातीच्या कामाचं चिनी पाहुण्यांनी कौतुक केलं, ते त्याने छपरावर घातलं. जुंगमिजॉंग नावाच्या आणखी एका मंडपाचं तळं खणताना मजुरांना जेवण घरून आणावं लागे. 1167 च्या नोंदीत एका मजुराची हकिगत आहे. त्याच्याकडे आणायला काही नसे, बाकीचे आपल्यातला घास देत. एक दिवस त्याची बायको भरपूर जेवण घेऊन आली आणि म्हणाली, सोबत्यांनाही बोलवा. कुठून आणलंस? चोरी केलीस, की कोणाकडे गेलीस? तिने डोक्यावरचं फडकं काढलं. केस कापून विकले होते. त्याला हुंदका आवरेना, घास गळ्याखाली उतरेना. राजाच्या मेजवानीची जागा अशी तयार होत होती.

आणि मेजवानी चालू असताना बाहेर उभे असत सैनिक. राजा एका देवळातून दुसऱ्या उद्यानात जाई, मुलकी अधिकारी त्याच्याबरोबर पहाटेपर्यंत पीत आणि कविता करत, आणि सेनाधिकारी थंडीत, उपाशीपोटी पहारा देत. सेनापती जॉंग जुंग-बूच्या मनात एक जुना सल होता : वर्षअखेरच्या एका सोहळ्यात मंत्री किम बू-सिकच्या मुलाने मेणबत्तीने त्याची दाढी जाळली होती. ई उइ-बांग आणि ई गो या तरुण अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला गाठून म्हटलं, ते खाऊन-पिऊन तर्र आहेत आणि आपण उपाशी, हे किती दिवस सोसायचं?

आठवा चांद्र महिना, 1170. बोह्यॉनवॉन नावाच्या ठिकाणाकडे जाताना राजाने वाटेत मुक्काम केला आणि सैनिकांना खूश करावं म्हणून हातघाईच्या कुस्त्या लावल्या. राजाला कुजबुज कळली होती, बक्षिसं वाटून ती मिटवायचा त्याचा विचार होता. वयस्कर सेनापती ई सो-उंग हरून मागे हटला. तेव्हा हान न्वे हा तरुण मुलकी अधिकारी पुढे झाला आणि त्याने त्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली. तो पायऱ्यांवरून खाली पडला. राजा आणि दरबारी टाळ्या वाजवून हसले. जॉंग जुंग-बू ओरडला की हा सैनिक असला तरी तिसऱ्या श्रेणीचा अधिकारी आहे, त्याची एवढी विटंबना? राजाने त्याचा हात धरून समजूत काढली.

संध्याकाळी बोह्यॉनवॉनला पोचताच कत्तल सुरू झाली. हान न्वे राजाच्या आसनाखाली लपला, राजाचा झगा धरून बसला, तरी वाचला नाही. मुलकी टोपी घालणारा साधा कारकूनही सोडू नका, अशी हाळी होती. उइजोंगला कोजे बेटावर पाठवलं आणि 1173 मध्ये मारलं. त्यानंतर शंभर वर्षं राज्य सेनापतींनी चालवलं.

जमिनी, बढत्या, दर्जा, ही सगळी कारणं होतीच. 1014 च्या बंडातही तीच होती. पण दर्जातला फरक कागदावर वाचणं वेगळं आणि रोज रात्री उघड्या दारातून ऐकणं वेगळं. पंक्तिप्रपंचाने राज्य बुडाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सेनापतींच्या राज्यात मेजवान्या थांबल्या का?

यजमान बदलला. 1232 मध्ये मंगोलांच्या भीतीने दरबार कांगह्वा बेटावर हलला. मुख्य भूमीवर गावं जळत होती. अशात 1245 साली खरा सत्ताधीश छ्वे उ याने राजघराण्यातल्या मंडळींना आणि बड्या मंत्र्यांना घरी जेवायला बोलावलं. मोठ्या पात्रांतून बर्फाचे डोंगर रचले होते, भोवती फुलं मांडली होती आणि नटूनथटून आलेले 1,350 हून अधिक वादक अंगणात वाजवत होते. राजा हयात होता, गादीवर होता. पण राजाचे नातलग कोणाच्या अंगणात जेवतात हे सगळ्यांना दिसत होतं, आणि छ्वे उला तेच दाखवायचं होतं.

मंगोलांपुढे नमल्यावर काय बदललं?

पाट्या बदलल्या. 1275 च्या पाल्ग्वानह्वेत देखाव्यावरची "पवित्र आयुष्य दहा हजार वर्षं" अशा अर्थाची सोनेरी अक्षरं उतरवून तिथे सौम्य मजकूर लावला. सगळं जग नजराणा घेऊन येतं, हेही खोडलं. "दहा हजार वर्षं जगा" हा सम्राटाचा जयघोष बंद झाला आणि राजासाठी "हजार वर्षं" राहिला. राजाच्या वाटेवर पिवळी माती पसरणंही थांबलं. सोहळा तोच, मैदान तेच. पण जमलेल्या प्रत्येकाला जाहीरनामा न काढता कळलं की आता सम्राट दुसरीकडे आहे.

दुसरीकडे, खानाच्या जावयाला खानाच्या पंगतीत स्थान मिळालं. 1300 साली मंगोलांच्या युआन दरबारच्या मेजवानीत चुंग्न्यॉलला चौथी जागा मिळाली, हे गोर्योच्या इतिहासकारांनी अभिमानाने टिपून ठेवलं आहे.

मेजवानीत बायकांना स्थान होतं का?

राण्या यजमान असत, हे वर आलंच. कलावंतिणी तर अनिवार्य. 1073 च्या पाल्ग्वानह्वेत दरबारच्या संगीतशाळेतल्या स्त्रियांनी पोगुराक हे नवं नृत्य सादर केलं : कमानीवरच्या भोकातून चेंडू टाकायचा, गेला तर फूल, चुकला तर गालाला शाईचा फराटा. आजही ते नाचलं जातं.

सामान्य माणसाला काही मिळायचं का?

मधूनमधून. ऐंशी वर्षांपुढचे वृद्ध, विधवा, अनाथ, अपंग यांना राजा मैदानात जेवायला घालत असे आणि त्याचाही विधी ठरलेला होता. यात दया होती, आणि "आम्ही प्रजेचे मायबाप" ही जाहिरातही होती. पुढे जोसॉन काळात राजा सेजोंगने 1432 साली वृद्धांच्या मेजवानीतून हलक्या जातीच्या म्हाताऱ्यांना वगळायचा सल्ला फेटाळला. मान वयाचा आहे, दर्जाचा नाही, असं त्याचं म्हणणं. दर्जावर उभ्या असलेल्या दरबारात हे बोलायला धाडस लागतं.

जोसॉनने ही परंपरा मोडली का?

पाल्ग्वानह्वे मोडला, कन्फ्यूशियसवादी राजवटीला नागदेवता नको होती. मेजवानी राहिली आणि आणखी शिस्तीत बसली. 1412 मध्ये सोलच्या ग्यॉंगबोक राजवाड्यात तळ्यावर ग्यॉंगह्वेरू हा प्रशस्त मंडप उभा राहिला, तो चीनच्या मिंग दूतांचं आदरातिथ्य करायला.

ही सगळी माहिती कितपत विश्वासार्ह आहे?

गोर्योचा अधिकृत इतिहास 1451 मध्ये पूर्ण झाला, तो जोसॉनच्या विद्वानांच्या हातून. आधीची राजवट का बुडाली हे त्यांना सिद्ध करायचं होतं, त्यामुळे उधळ्या राजांची वर्णनं त्यांनी चवीने लिहिली. उइजोंगबद्दल वाचताना हे ध्यानात ठेवावं. शू जिंग परका होता, त्याचे पूर्वग्रह वेगळे. पण दोघांचा कल भिन्न असूनही मानपानाच्या बारकाव्यांवर दोघेही तितकेच रेंगाळतात, आणि त्या भागावर मी जास्त विश्वास ठेवतो.

आज यातलं काय पाहता येतं?

गेग्यॉंगच्या राजवाड्याचे अवशेष मानवॉल्दे नावाने ओळखले जातात. 2013 पासून केसॉंगची स्मारकं जागतिक वारसा यादीत आहेत आणि 2007 ते 2018 या काळात दोन्ही कोरियांनी तिथे मिळून उत्खनन केलं. सध्या तिथे जाणं आपल्यासाठी जवळपास अशक्यच. ग्यॉंगजूला मात्र पोसॉकजॉंगची दगडी पन्हळ आणि इम्हेजॉनचं तळं सहज पाहता येतं. त्याच तळ्याच्या गाळात 1975 मध्ये सिल्लाकालीन चौदा बाजूंचा लाकडी फासा सापडला. त्याच्या बाजूंवर मद्यपानातल्या शिक्षा कोरलेल्या होत्या : तीन प्याले एका दमात, संगीताशिवाय नाच, सगळ्यांनी नाकावर टिचक्या माराव्यात. मूळ फासा वाळवायला ठेवला असताना जळून गेला, पण नक्कल बनवलेली आहे. सोलमधला ग्यॉंगह्वेरू 1592 च्या जपानी स्वारीत जळाला आणि आजची इमारत 1867 ची. दीपोत्सव दर वर्षी बुद्धजयंतीच्या सुमारास सोलच्या रस्त्यांवर निघतो. 2020 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.